उन्गोकचा सोनेरी ठिपका

"लेख मागे घे," ब्योन थेउक शिडीवरून म्हणाला.

मेव्हणीला असली गोष्ट सांगायची तर माणसानं निदान खाली उतरून सांगावी. पण त्याच्या एका हातात दोरी होती, दुसऱ्यात आकडा, आणि सासऱ्यांसाठी आणलेली भेट पाहुणे यायच्या आत भिंतीवर चढायला हवी होती. त्यात तो विभागप्रमुख. विभागप्रमुखांना वरूनच बोलायची सवय असते.

"कुठला लेख, सर?" दानहीनं खालून विचारलं.

"घरात दाजी म्हणायचं. सर विभागात."

"मग विभागातलं घरात काढू नका."

देगू शहरातल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळपासून प्यो घराण्याची धांदल चालली होती. प्राध्यापक प्यो इनग्यू यांना ऐंशी पूर्ण. आमच्याकडे हे काही केक कापून भागणारं काम नव्हे. फळं, खजूर, त्तोक नावाच्या तांदळाच्या वड्या यांचे हातभर उंच मनोरे रचलेलं टेबल, त्यामागे नवराबायको हानबोकचा पारंपरिक पोशाख घालून बसणार, समोर लेकी-जावई ओळीनं दंडवत घालणार आणि दोन्ही हातांनी मद्याचा पेला भरून देणार. इनग्यूंना लेकी दोनच, पण विद्यार्थी गावभर. उभा जन्म त्यांनी विद्यापीठात मानवी भूगोल शिकवला. अर्ध्या प्रांतातले भूगोलाचे मास्तर त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि आज ते सगळे काळे सूट घालून जिन्यावर पोचलेही होते.

दानही धाकटी. तिनंही बापाचाच विषय घेतला, पण बापाचं नशीब काही घेता आलं नाही. वयाची चव्वेचाळीस वर्षं झाली तरी तासिका तत्त्वावर. सोमवारी एका विद्यापीठात, बुधवारी दुसऱ्या, शुक्रवारी तिसऱ्या; गाडीच्या डिकीत पुस्तकं, चपला आणि कोरडा रामेन. आता कुठे बापाच्याच विभागात एक कायमची जागा निघाली होती. ही गेली तर पुढची निघेपर्यंत हिचे केस पांढरे होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ब्योनला सगळ्यात जास्त.

"ऐक," तो म्हणाला. "निवड समितीत मी नाही. नातलग म्हणून मला बाहेर ठेवलंय, कागदोपत्री सगळं स्वच्छ. पण आत बसलेत ते तिघंही सरांचे विद्यार्थी. मंगळवारी ते तुझंच नाव घेणार आहेत. आणि महिनाअखेर तुझा लेख छापून येणार, की ज्या सरांनी आम्हाला भूगोल शिकवला त्यांचा मुख्य सिद्धान्तच चूक. ते कुठल्या तोंडानं तुझं नाव घेतील?"

"लेख खोटा आहे का?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही."

"भूगोलाच्या विभागप्रमुखानं म्हणावं हे."

"विभाग राहिला तर विभागप्रमुख!" आता तो दोन पायऱ्या खाली आला. "वरचे लोक आपल्याला पर्यटन विभागात कोंबायला बसलेत. दर बैठकीत मी त्यांच्यापुढे काय ठेवतो? हा नकाशा. शाळेच्या पुस्तकात छापून आलेली आपली एकच वस्तू आहे, ती ही. ती तू फाडलीस की उद्या आपण सगळे मिळून पोरांना हॉटेलातल्या चादरी कशा घालायच्या ते शिकवू."

भेट म्हणजे तोच नकाशा होता, दाराएवढा मोठा करून काचेत बसवलेला. मधोमध मुक्षिल, प्यो घराण्याचं मूळ गाव. मुक्षिलमधून चहूकडे रेघा सुटलेल्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एकेक ठिपका, तिथून आलेल्या सुनेचं माहेर. आमच्याकडच्या जुन्या गावांत सुनेला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावानं मारतात. उन्गोकहून आली ती उन्गोकदेक. मरेपर्यंत उन्गोकदेक. तरुण इनग्यूंनी घरोघर जाऊन ही नावं गोळा केली, नकाशावर मांडली, आणि सिद्धान्त काढला: मुक्षिलनं सोयरिकी केल्या त्या जवळच्या गावांत नव्हे, लांबच्या पण तोलामोलाच्या घराण्यांत. 'अंतर नव्हे, घराणं' हे त्यांचं वाक्य पोरं परीक्षेत पाठ करून लिहीत.

दानहीनं काय केलं, तर त्या सुनांनाच जाऊन विचारलं. आता त्या कुठल्या सुना! वृद्धाश्रमांत, लेकाच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत पडलेल्या म्हाताऱ्या. विचारल्यावर एकेकीनं सांगितलं की बाई, मी कसली त्या मोठ्या गावची. माझा बाप नावाडी, माझा बाप कोळसा पाडणारा, माहेर ओढ्यापलीकडे. लग्नात सासऱ्यांनी एक बरंसं गाव शोधून माझ्या कपाळावर चिकटवलं, तेव्हापासून तीच मी. म्हणजे मुक्षिलनं सोयरिकी केल्या त्या शेजारच्या गरीब वस्त्यांत, आणि पाट्या लावल्या लांबच्या थोरामोठ्यांच्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे सगळं दानहीनं लिहिलं, आणि त्यातली एकही ओळ तिनं वडिलांना आधी दाखवली नव्हती.

"आणि हा सोनेरी ठिपका कसला?" तिनं विचारलं. बाकी ठिपके काळे होते.

ब्योनचा चेहरा जरा खुलला. "ती आमची गंमत. मॅडमचं माहेर. सरांच्या घरी आलेली रेघ. पोरांनी खास सोन्याचा वर्ख लावून घेतलाय. दंडवत झाले की मॅडमना पुढे बोलवायचं, त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवायचं, सरांनी मुक्षिलवर, आणि फोटो."

दानही थोडा वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली. राग होता तरी हे तिला आवडलं. "ठेवा. हा एक तरी खरा आहे," ती म्हणाली आणि आईकडे गेली.

नवरीला सजवायची जी खोली असते ती त्या दिवशी तिच्या आईला दिली होती. क्वाक बोंगनिम आरशासमोर उभ्या होत्या आणि थोरली लेक सनही त्यांच्या छातीवरची फीत बांधत होती. ही फीत बांधणं जिकिरीचं असतं; एक पाकळी मोठी झाली की सगळं पुन्हा. सनहीचा हात सुबक होता. एके काळी बापाच्या नकाशाची दुसरी आवृत्ती तिनंच शाईनं रेखली होती, रात्ररात्र जागून. मग ब्योनशी लग्न झालं आणि पेन ब्योनच्या हातात गेलं. त्यावर सनही कधी बोलत नसे. आज सकाळीही नवऱ्यानं सांगितलं होतं, धाकटीला जरा समजाव, आणि तिनं बरं म्हटलं होतं.

इनग्यू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी, हातात काठी. दानही आत आली तसे ते म्हणाले, "वाचला मी."

"काय वाचलंत?"

"तुझा पराक्रम. थेउकनं दिला."

"दाजींकडे कसा आला? तो अजून छापलेला नाही. तपासणीला गेलेला लेख आहे, नाव झाकून."

"तपासायला ज्याच्याकडे गेला तो माझा विद्यार्थी, तुझ्या निवड समितीचा अध्यक्ष. मुक्षिलचा नकाशा बघून त्याला काय कळणार नाही? बिचारा हादरला. त्यानं मोठेपणानं मंजूरही केला, वर मला फोन केला आणि लेख थेउकच्या हाती धाडला."

"हा मोठेपणा? ही चोरी आहे, बाबा. तुम्ही आयुष्यभर आम्हाला शिकवलंत की तपासणारा कुणाचा कुणी नसतो."

"दानही, हळू," सनही म्हणाली. "बाहेर माणसं आलीत. आजचा दिवस जाऊ दे ना. उद्या बोला."

"उद्या नको, ताई. तुझ्या नवऱ्यानं मला शिडीवरून निकाल ऐकवलाय. लेख मागे घे, नोकरी घे."

इनग्यूंनी काठी जमिनीवर आपटली. चूक म्हणून त्यांच्या कामाला आजवर कुणी हात लावला नव्हता, आणि पहिला हात पोटच्या पोरीचा. हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. "मी दारोदार फिरलो. बर्फात फिरलो. प्रत्येक घराच्या कर्त्याला विचारून एकेक नाव लिहिलं."

"कर्त्याला. बाईला नाही."

"त्या काळी दुसऱ्याच्या सुनेला समोर बसवून विचारायचं? लाथ घालून हाकललं असतं मला."

"दुसऱ्याच्या कुठल्या? सगळे तुमचे चुलते होते. म्हणून तर ते तुमच्याशी खोटं बोलले, आणि म्हणून तर तुम्ही ते तपासलं नाहीत. परका कुणी आला असता तर त्यानं निदान शंका घेतली असती. तुम्हाला शंका घेणं म्हणजे घराण्याची अब्रू काढणं वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण मग त्याला संशोधन का म्हणायचं?"

"आणि तू काय केलंस? घराण्याच्या सुनांना नावाड्याच्या पोरी ठरवलंस."

"मी ठरवत नाही, त्या सांगतात. नावाड्याच्या पोरी असण्यात काय वाईट आहे तेवढं सांगा मला. त्या सांगताना रडत होत्या, बाबा. एक म्हणाली, मला माझ्या गावाच्या नावानं एकदा हाक मार. एवढंच मागितलं तिनं." दानहीचा आवाज आता फाटला होता. "आणि मी कुणावर आकस धरून लिहिलेलं नाही. जिथं नाव खरं, तिथं खरं म्हटलंय. आपल्या घराचंच बघा. आईचं 'उन्गोक, पडताळलेले' असं लिहिलंय मी."

सनहीच्या बोटांखाली आईची छाती हलायची थांबली. फीत अर्धी बांधलेली तशीच राहिली.

"कुणाकडून पडताळलंस?" बोंगनिम आरशातूनच म्हणाल्या.

"कुणाकडून काय, आई. तुझंच गाव ना ते. लहानपणी आम्ही गेलोय तिथं, मामाकडे."

"मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं त्यात?"

"बरोबर." बोंगनिम वळल्या. फितीचं एक टोक लोंबत राहिलं. "मुक्षिलच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या उशाशी जाऊन बसलीस. त्यांच्यासाठी संत्री नेलीस, त्यांचे पाय चेपलेस. दर रविवारी माझ्या हातचं जेवतेस. मला एकदासुद्धा विचारलं नाहीस, की आई, तू कुठली."

इनग्यू उठायला लागले.

"बसा तुम्ही," बोंगनिम त्यांना म्हणाल्या. आजवर नवऱ्याला त्यांनी असं सांगितलं नव्हतं, आणि ते बसले. "मी चोम्मालची. ओढा ओलांडला की टेकडीमागे. कुंभारांची वस्ती. माझा बाप रांजण घडवायचा. उन्गोकला ह्यांच्या वडिलांचा एक मित्र होता, आडनाव क्वाकच, तेवढं जुळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मला तिकडे नेली आणि त्याची बापाविना वाढलेली बहीण म्हणून त्याच्या घरून पाठवणी केली. तो तुमचा मामा. भला माणूस होता, पण माझा कुणी नव्हता."

दानही मटकन खाली बसली. इतक्या म्हाताऱ्यांची उत्तरं ऐकली होती तिनं, पण हे ऐकायची तयारी केली नव्हती.

"आणि तुझे वडील?" सनहीनं विचारलं. "तू म्हणायचीस ते लवकर गेले."

"गेले कुठले. तू पोटात होतीस तेव्हा आले होते एकदा. पाठीवर रांजण बांधून, फेरीवाले म्हणून. दुसरं कुठलं निमित्त काढून येणार? सासूबाई ओसरीवर बसलेल्या. मला म्हणाल्या, जा गं, बघून घे. मी गेले. माझ्या बापानं मान खाली घालून मला बाईसाहेब म्हटलं. आणि मी म्हटलं, हा तडकलेला वाटतो. का म्हटलं? सासूबाई बघत होत्या म्हणून. काहीतरी घासाघीस करायलाच हवी होती. तर त्यांनी तो बोटानं वाजवून दाखवला. टण्ण वाजला. म्हणाले, बाईसाहेब, माझ्या हातचा रांजण तडकत नाही. मग पैसे घेतले आणि निघून गेले. परत आले नाहीत. कधी वारले तेसुद्धा मला वर्षभरानं कळलं, मिठाच्या व्यापाऱ्याकडून." त्या थांबल्या. "रडताही आलं नाही. उन्गोकदेकचा बाप तर आधीच मेलेला होता ना."

सनहीनं डोळ्यांना बाही लावली. इनग्यू जमिनीकडे बघत होते.

"बाबा," दानही म्हणाली, "तुम्हाला हे माहीत होतं."

"माहीत होतं म्हणजे काय! मीच पसंत केली होती हिला." म्हातारा एकदम उसळला. "ओढ्यावर पाहिली आणि घरी सांगितलं, करीन तर हिच्याशी. वडिलांनी तीन दिवस अन्न घेतलं नाही. मी त्यांच्याशी भांडलो. मुक्षिलमध्ये त्या काळी असं भांडलेला दुसरा दाखव. शेवटी ते म्हणाले, आण, पण उन्गोकची म्हणून आण. मी काय करायला हवं होतं?"

"तेव्हा काही नाही," बोंगनिम म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही केलंत ते फार केलंत. माझ्यासाठी भांडलात. मी विसरले नाही. पण मग तुम्ही नकाशा काढलात. सगळ्या जगाला दाखवायला काढलात, आणि त्यात मला उन्गोकला ठेवलंत. तो कागद तुमच्या वडिलांनी काढला नव्हता."

"ते जिवंत होते तेव्हा."

"आणि दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा? तेव्हा तर आपण त्यांची वर्षश्राद्धंसुद्धा कितीतरी केली होती. मीच रांधत होते."

दुसरी आवृत्ती. सनहीला एकदम आठवलं की उन्गोकचा ठिपका तिनंच भरला होता. बाबा मागे उभे होते. म्हणाले होते, हा नीट गोल काढ, तुझ्या आईचा आहे. तिच्या अंगावर शहारा आला, आणि मग रागाची एक सणक, इतकी की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

ह्याच वेळी दारात ब्योन उभा होता. किती ऐकलं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. वाईट माणूस नव्हता तो, एवढंच की कुठलीही गोष्ट कानावर आली की आधी ती बैठकीत कशी दिसेल ते त्याला दिसायचं. "म्हणजे," तो घसा साफ करून म्हणाला, "दानहीच्याही लेखात चूक आहे. आईचं उन्गोक तिनं खरं म्हटलंय. मग प्रश्नच मिटला. चूक आढळली म्हणून लेख मागे घेतला, कुणालाही पटेल. कुणाची मान खाली नको. आणि हे जे आत्ता झालं ते ह्या खोलीत राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कुणाची मूठ?" सनही म्हणाली.

"अगं, आपल्या सगळ्यांची."

"माझी नाही. झाकलेल्या मुठीत आई आहे माझी. तिला तिथं तुम्ही ठेवलेली नाही, मी ठेवलीय, माझ्या हातानं, बाबांनी सांगितलं म्हणून गोल काढून. आता तुम्ही मला शिकवू नका." नवऱ्याशी ती अशा आवाजात बोलत नसे. ब्योन बावचळून सासऱ्यांकडे बघू लागला, पण सासरे काही त्याच्या मदतीला येण्यासारखे राहिले नव्हते.

बोंगनिम मात्र दानहीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "तू काय करणार?"

दानहीनं तोंड उघडलं. सकाळपासून ती बापावर, दाजींवर, अख्ख्या विद्याशाखेवर जळत होती, आणि तिचं सगळं जळणं न्यायाचं होतं. पण आत्ता, आईनं विचारल्यावर, डोळ्यांसमोर काय यावं? मंगळवार. दारावर तिच्या नावाची पाटी असलेली एक खोली, खिडकीत एखादं झाड, डिकी रिकामी. ब्योननं दाखवलेली वाट सोपी होती आणि तिच्यात खोटं असं काही नव्हतं. चूक तर आहेच लेखात. दुरुस्तीला वेळ लागला असं म्हटलं, जागा पदरात पडली, मग दोन वर्षांनी सावकाश, थोडं मऊ करून...

"आई, मंगळवारपर्यंत मला जरा..."

"बघितलंस?" बोंगनिम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. "असंच होतं. प्रत्येकाचा एक मंगळवार असतो. तुझ्या बापाचाही होता." त्यांनी लोंबणारी फीत स्वतःच ओढून कशीबशी बांधली, एक पाकळी मोठी, एक लहान. "चला. माणसं खोळंबलीत."

हॉल भरला होता. टेबलावरचे मनोरे तसूभर हलले नव्हते. नवराबायको त्यामागे बसली आणि दंडवत सुरू झाले. सनही आणि ब्योननं जोडीनं घातला, मग दानहीनं एकटीनं. पेला भरताना थोडं मद्य बापाच्या बाहीवर सांडलं. इनग्यूंनी ते पुसलं नाही. आईनं तिच्या हातचा पेला घेतला, ओठाला लावला आणि खाली ठेवला. तोंडावर काहीच नव्हतं तिच्या. दानही आपल्या टेबलावर येऊन बसली. पुढच्याच टेबलावर समितीचे तिघं होते. त्यातल्या मधल्यानं, समितीच्या अध्यक्षानं, मागे वळून तिच्याकडे बघत हसून मान हलवली, म्हणजे काळजी नको, आपलंच घर आहे. हाच तो, लेख तपासून बापाला फोन करणारा. तिनंही मान हलवली आणि तिला स्वतःची किळस आली.

ब्योननं माईक हातात घेतला. बोलायला तो पटाईत. सरांच्या पायपिटीबद्दल बोलला, बर्फाबद्दल, त्या काळच्या रबरी बुटांबद्दल. लोक हसले, दोनतीन जणांनी डोळे पुसले. मग नकाशावरचं कापड ओढलं. टाळ्या. "ह्यात एक ठिपका सोन्याचा आहे," ब्योन म्हणाला. कार्यक्रम ठरवून छापला होता, आणि ठरलेला कार्यक्रम मोडण्याइतकी कल्पकता त्याच्याकडे नव्हती. की वाटलं असेल, हसतखेळत पार पडलं म्हणजे सगळंच पार पडेल? "सरांनी जगाला शिकवलं, अंतर नव्हे, घराणं. त्याचा जिवंत पुरावा आपल्यामध्ये बसलाय. आज आपण मॅडमना मुक्षिलच्या रीतीनं हाक मारू. उन्गोकदेक, पुढे या."

बोंगनिम उठल्या नाहीत.

फोटोवाला गुडघ्यावर बसून वाट बघत होता. टाळ्या हळूहळू विरल्या. "मॅडमना ऐकू कमी येतं," ब्योन हसून म्हणाला आणि जवळ गेला. "उन्गोकदेक, फोटो काढायचाय."

त्यांनी समोरच्या बशीतलं एक चेस्टनट उचललं आणि सोललं. सावकाश खाल्लं. लोक आता एकमेकांकडे बघू लागले. मुक्षिलहून आलेल्या चुलत्यांच्या टेबलावर कुजबुज झाली. ब्योननं माईक सासऱ्यांच्या हातात दिला. नवऱ्यानं हाक मारली तर कोण बाई उठणार नाही?

इनग्यूंनी माईक दोन्ही हातांनी धरला. "उन्गोकदेक," ते म्हणाले, अगदी हळू, जन्मभर घरात म्हणत आले तसं, विनवल्यासारखं. "ये ना."

"त्या बाई आलेल्या नाहीत," बोंगनिम म्हणाल्या.

माईक त्यांच्या कोपरापाशीच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

ब्योननं दानहीकडे बघितलं. तिला ती नजर बरोबर कळली. आत्ता उठ, काहीतरी बोल, आई थकलीय म्हण, वयाचं निमित्त सांग. पुढच्या टेबलावरचे तिघं बघताहेत, सांभाळून घे, तूही आता विभागाची. एक वाक्य पुरेसं होतं. दानही उठली.

"माझ्या आईचं माहेर चोम्माल," ती म्हणाली. "ओढ्यापलीकडची कुंभारांची वस्ती. आजोबा रांजण घडवायचे. हा सोन्याचा ठिपका खोटा आहे, आणि बाबांना तो खोटा आहे हे ठाऊक होतं. माझ्या लेखातही हीच चूक झालीय, कारण मीही आईला विचारलं नाही. मी ती दुरुस्त करतेय. लेख महिनाअखेर छापून येईल."

समितीतल्या मधल्या माणसानं मान वळवून घेतली आणि आपल्या ताटाकडे बघू लागला. बाकीच्या दोघांनीही. मंगळवारचं काय व्हायचं ते तिथंच होऊन गेलं. चुलत्यांच्या टेबलावरून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, पोरीला शिकवून ठेवलं की असं होतं. त्यावर सनही गर्रकन वळली आणि म्हणाली, "काका, काकूंचं माहेर कुठलं हो? खरं?" काकांनी पेला उचलून तोंडाला लावला. काकूंनी मात्र मान वर केली.

बोंगनिम नवऱ्याकडे बघत होत्या. माईक अजून इनग्यूंच्याच हातात होता. एक शब्द म्हणायचा होता, चोम्मालदेक, आणि त्या उठून नकाशापाशी गेल्या असत्या, फोटोलाही उभ्या राहिल्या असत्या. त्या थांबल्या. सगळा हॉल थांबला. इनग्यूंचे ओठ हलले, पण माईकमधून त्यांचा श्वास तेवढा ऐकू आला.

मग बोंगनिम उठल्या. त्तोकच्या मनोऱ्यांना वळसा घालून, नकाशासमोरून, फोटोवाल्याच्या बाजूनं चालत दानहीच्या टेबलापाशी आल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या. वाकडी बांधलेली फीत सोडून त्यांनी मांडीवर ठेवली.

"हं," त्या म्हणाल्या, "त्या बायकांना पहिलं काय विचारायचीस?"